कोंबडीचे अंग बाहेर आले असता

दिंडोरी तालुक्यात परसात पाचसात कोंबड्या नाहीत असे शेतकऱ्याचे घर क्वचितच आढळेल. गाय अथवा म्हैस आजारी पडली की सारे घर जागे होते, शेजारी जमतात, डॉक्टरांकडे माणूस धावतो. कोंबडी आजारी पडली की बहुधा सुरीच आठवते. याचे कारण उघड आहे. कोंबडीची किंमत थोडी, आणि तिच्या दुखण्याविषयी आपले ज्ञान त्याहूनही थोडे. परंतु ज्या घरी आठवड्याच्या बाजाराचे तेलमीठ आणि मुलांच्या वह्या अंड्यांच्या पैशांतून येतात, त्या घरी अंड्यावरची कोंबडी गेली म्हणजे काय गेले, हे त्या घरच्या गृहिणीसच विचारावे. म्हणून या लेखात कोंबड्यांच्या एकाच दुखण्याचा विचार योजिला आहे. हे दुखणे पहिल्या तासाभरात ध्यानी आले तर पुष्कळदा बरे होते. दुपार टळली तर बहुधा कोंबडी हातची जाते.

गाय व्याल्यानंतर कधी कधी तिचे अंग बाहेर येते, हे शेतकऱ्याच्या मुलांस सांगावयास नको. कोंबडीचेही अंग असेच बाहेर येते. शेपटीखालच्या द्वारातून लाल, ओलसर, चकाकणारा मांसाचा गोळा लोंबू लागतो. तो कधी सुपारीएवढा तर कधी लिंबाएवढा असतो. प्रथम पाहणाऱ्यास आतडेच बाहेर आले असे वाटते आणि तो आशा सोडतो. वास्तविक ते बहुतेक वेळा आतडे नसते. अंडे ज्या नळीतून येते त्या नळीचे ते शेवटचे टोक असते.

हे कसे घडते ते समजण्यास अंडे कसे तयार होते ते पाहिले पाहिजे. कोंबडीच्या पोटात डाव्या बाजूचेच अंडाशय आणि डावीच अंडनलिका कामाची असते. उजवी पिल्लू जन्मण्यापूर्वीच खुंटते. अंडाशयातून सुटलेला पिवळा बलक सुमारे दोन फूट लांबीच्या या नळीत शिरतो. वाटेत सुमारे तीन तास त्याच्याभोवती पांढरा बलक चढतो, पुढे तासाभरात आतील पातळ पापुद्रे तयार होतात, आणि मग नळीच्या पिशवीसारख्या भागात सुमारे वीस तास थांबून त्यावर चुन्याचे कवच चढते. असे एक अंडे तयार होण्यास चोवीस तासांहून किंचित अधिक वेळ लागतो. आता शेवटची पायरी पाहा. कोंबडीच्या शरीरात विष्ठेची वाट आणि अंड्याची वाट या दोन्ही एकाच कोठडीत उघडतात व बाहेरचे द्वार एकच असते. अंडे विष्ठेने माखू नये म्हणून निसर्गाने मोठी नामी योजना केली आहे. अंडे घालताना नळीचे टोक सदऱ्याच्या बाहीप्रमाणे उलटे होऊन द्वाराबाहेर येते, अंडे स्वच्छच्या स्वच्छ खाली ठेवते आणि क्षणार्धात परत आत जाते. म्हणजे ज्याला आपण दुखणे म्हणतो, तेच प्रत्येक कोंबडी प्रत्येक अंड्यागणिक क्षणभर करीत असते. तेव्हा डालीत बसलेल्या कोंबडीच्या मागे निमिषभर लाल दिसले तर भिण्याचे कारण नाही. टोक बाहेर आले आणि परत गेले नाही, म्हणजे मात्र दुखणे झाले.

ते परत का जात नाही? नळीचे स्नायू थकलेले असतात, किंवा अंडे वाजवीपेक्षा मोठे असते, किंवा वाट अरुंद असते. तलंग पुरती वाढण्याच्या आधीच अंड्यावर आली तर तिच्या कोवळ्या अंगास पहिली अंडी झेपत नाहीत. दुहेरी बलकाचे अंडे आले तर थोराड कोंबडीसही ते जड जाते. अंगावर चरबी चढलेल्या कोंबडीच्या पोटात जागा कमी आणि स्नायू ढिले. चुन्याची उणीव असेल तर दुहेरी हानी होते. चुना केवळ कवचाला लागतो असे नाही, स्नायू आवळण्यासही तो लागतो. कवच मऊ असले म्हणजे अंडे बाहेर ढकलण्यास कोंबडीला फार वेळ कुंथावे लागते आणि तेवढी शक्ती स्नायूंत उरत नाही. हगवणीमुळे वा बद्धकोष्ठामुळे वारंवार कुंथणाऱ्या कोंबडीचेही अंग बाहेर येते.

आणखी एक मूळ कारण आहे, ते आपण माणसांनी निर्माण केलेले आहे. आपल्या पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे उत्तर व पूर्व भारतापासून आग्नेय आशियापर्यंत आढळणारा तांबडा रानकोंबडा. आपल्या सह्याद्रीत ओरडतो तो करडा रानकोंबडा निराळा. त्या तांबड्या जातीची रानातली मादी वर्षाकाठी दहापंधरा अंडी घालते व ती उबवते. आपली गावठी कोंबडी साठसत्तर घालते. आणि लेगहॉर्नसारख्या जातीच्या निवडक पैदाशीतून निघालेल्या आजच्या कोंबड्या तीनशेच्याही वर जातात. या सुधारलेल्या जाती खेड्यांत पोहोचविण्यात मिशनांचाही वाटा होता. संयुक्त प्रांतातील एटा येथील अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे कोंबडीपालनाचे काम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यासाठी नावाजलेले होते. त्यातून गरीब कुटुंबांचे हित झाले यात शंका नाही. तथापि जे इंद्रिय वर्षातून पंधरा वेळा उलटावयाचे ते तीनशे वेळा उलटू लागले, हेही विसरून चालणार नाही. म्हणूनच हे दुखणे गावठी कोंबडीत कमी व भरपूर अंडी देणाऱ्या जातींत अधिक दिसते.

आता खऱ्या शत्रूकडे वळू. अंग बाहेर येण्याने कोंबडी लगेच मरत नाही. ती मरते ती आपल्या मैत्रिणींच्या चोचीने. कोंबड्यांस लाल रंगाचे विलक्षण आकर्षण असते. एकीने लाल मांस पाहून चोच मारली, रक्त आले, की साऱ्या धावतात, आणि पाहता पाहता आतले आतडेही ओढून काढतात. कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणास टोचावे याची ठरलेली उतरंड असते. थोरलेफ शेल्डेरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने तिचे वर्णन १९२२ साली प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हा मनुष्य बालपणीच परसातील कोंबड्या निरखून कोणती कोणास टोचते हे वहीत टिपू लागला होता. आपल्याही परसात तोच ग्रंथ उघडा पडला आहे, वाचणारा पाहिजे. तर या उतरंडीत आजारी कोंबडी एकदम तळाशी जाते आणि जी तिच्यापुढे मान खाली घालीत असे तीही तिला टोचते.

आपल्याकडे तर ही अडचण अधिकच बिकट होते. कोंबड्या बहुधा उजाडल्यापासून दुपारपर्यंतच्या वेळात अंडी घालतात, आणि नेमक्या त्याच वेळी घर रिकामे असते. द्राक्षांच्या हंगामात तर आईबाप सकाळीच बागेत कामाला निघतात, मुले शाळेत येतात, आणि घरी असल्यास एखादी आजी दाराशी बसलेली असते. सायंकाळी परत येऊन पाहावे तो कोंबडी कोपऱ्यात मरून पडलेली. मग 'मुंगसाने धरली' असे म्हणून विषय संपतो. मुंगसाच्या नावावर जमा झालेल्या मृत्यूंपैकी काही या खात्यातले असावेत असा माझा तर्क आहे. म्हणून मुलांनी एक सवय लावून घ्यावी. सकाळी खुराडे उघडताना, आणि जमेल तर शाळेला निघण्यापूर्वी पुन्हा एकदा, प्रत्येक कोंबडीची पाठमोरी बाजू पाहावी. शेपूट खाली पाडून, पंख ढिले सोडून, पुनःपुन्हा कुंथणारी कोंबडी दिसली तर तिला उचलून पाहावे. घरी राहणाऱ्या आजीसही हे सांगून ठेवावे. तिची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते.

अंग बाहेर आलेले दिसले की पहिले काम एकच, कोंबडी वेगळी करणे. औषध मागाहून. डाल्याखाली झाका, खोक्यात ठेवा, कोठेही ठेवा. पण इतरांच्या चोचीपासून दूर ठेवा.

नंतर मोठ्या माणसास हाक मारावी. हे काम दोघांचे आहे. एकाने कोंबडी काखेत धरावी, पंख अंगाशी दाबलेले, डोके मागे, शेपूट समोर. तिला पायांनी उलटी लोंबकळवू नये. दुसऱ्याने हात साबणाने धुऊन, नखे काढलेली असतील याची खात्री करून घ्यावी. उकळून कोमट केलेल्या अर्धा लिटर पाण्यात चहाचा पाऊण चमचा मीठ विरघळवावे व त्या पाण्याची धार सोडून बाहेर आलेला भाग धुवावा. विष्ठा, माती, पिसे निघून गेली पाहिजेत; परंतु फडक्याने घासू नये, कारण ती त्वचा फार नाजूक असते. कोरडी पडू लागली असेल तर त्याच कोमट पाण्याने भिजविलेले मऊ सुती फडके काही वेळ तिच्यावर धरावे.

आत कठीण गोळा लागतो का, हे याच वेळी हलक्या बोटाने पाहावे. अंडे अडकलेले असेल तर ते बाहेर पडल्याखेरीज अंग आत राहणार नाही. अशा वेळी कोंबडीस कोमट पाण्याच्या घमेल्यात पोटापर्यंत पंधरावीस मिनिटे बसवावे, द्वाराभोवती खोबरेल तेल लावावे आणि अंधारात निवांत सोडावे. पुष्कळदा ती अंडे घालते. अंडे ओढू नये, फोडू तर मुळीच नये. कवचाच्या धारेने नळी आतून फाटते.

सूज फार असेल तर अंग आत जात नाही. त्यावर घरातच उपाय आहे. मध किंवा दळलेली साखर सुजलेल्या भागावर दहापंधरा मिनिटे लावून ठेवली असता ती आतील पाणी शोषून घेते व गोळा लहान होतो. मनुका पाण्यात टाकल्या म्हणजे फुगतात हे आपण पाहतो. येथे तोच नियम उलट्या दिशेने चालतो, बाहेर साखर अधिक म्हणून पाणी बाहेर येते. मग कोमट पाण्याने साखर धुऊन टाकावी, बोटास व्हॅसलीन अथवा स्वच्छ खोबरेल लावावे, आणि गोळ्याच्या मध्यभागापासून हळूहळू, चहूबाजूंनी सारखा दाब देत तो आत सरकवावा. कोंबडी कुंथू लागली तर थांबावे, तिचे कुंथणे संपले की पुन्हा दाबावे. घाईने काम बिघडते. आत गेल्यावर दोनचार मिनिटे द्वारावर बोट ठेवून धरावे.

राख, चुना, रॉकेल, तंबाखूचे पाणी यांपैकी काहीही त्या कोवळ्या त्वचेवर लावू नये. हळदीवर आपला सर्वांचा विश्वास आहे, परंतु येथे कोरडी पूड भुरभुरल्याने ओलावा जाऊन त्वचा चरचरते आणि कोंबडी अधिकच कुंथते.

अंग आत गेले म्हणजे कोंबडी बरी झाली असे समजणारे पुष्कळ असतात. येथेच खरी परीक्षा सुरू होते. उद्या जर तिने आणखी एक अंडे घातले, तर तेच थकलेले स्नायू पुन्हा उलटतील आणि अंग पुन्हा बाहेर येईल. म्हणून या दुखण्यावरील खरा इलाज म्हणजे काही दिवस अंडे बंद करणे. कोंबडीस अंडे घालण्याची सूचना मिळते ती मुख्यत्वे उजेडाकडून. उजेड डोळ्यांतून आणि कवटीतूनही मेंदूपर्यंत पोहोचतो आणि तेथून अंडाशयास आज्ञा सुटते. तेव्हा उजेड कमी करावा. सकाळी आठ ते दुपारी चार एवढाच वेळ तिला उजेडात ठेवावे, बाकीचे सोळा तास डाल्यावर गोणपाट टाकून अंधार करावा. हवा खेळती राहिली पाहिजे. चैत्रवैशाखात तर याची विशेष काळजी घ्यावी. असे एक ते दोन आठवडे चालवावे. अंड्यावरच्या कोंबडीचे पौष्टिक खाद्य या दिवसांत बंद करून थोडी बाजरी अथवा ज्वारी, कोवळा पाला आणि भरपूर स्वच्छ पाणी द्यावे. पाणी कधीही तोडू नये. खाली भुसा न पसरता स्वच्छ कापड किंवा कागद घालावा व तो रोज बदलावा. पावसाळ्यात माश्या बसून अळ्या पडतात, म्हणून डाल्यावर मच्छरदाणीचा तुकडा बांधावा. सकाळसंध्याकाळ मागचा भाग पाहावा. अंग पुन्हा बाहेर आलेले दिसले तर पुन्हा धुऊन आत घालावे.

हे सारे लिहिणे सोपे, पण गरीब घरी ते पाळणे सोपे नाही. वणीच्या बाजूच्या एका वाडीवरून येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीच्या घरी हा प्रसंग आला होता. कोंबडीचे अंग मुलीने आणि तिच्या मामींनी आत घातले. पण पंधरा दिवस अंडे नाही आणि दाणे मात्र द्यावयाचे, हे तिच्या आईस पटेना. त्या माउलीचे म्हणणे खोटे नव्हते. दोनच कोंबड्या अंड्यावर होत्या. अखेर मुलीने स्वतःच्या भाकरीतला चतकोर बाजूला ठेवण्याची तयारी दाखविली तेव्हा आई हसली आणि तिने डाले दिले. तिसऱ्या दिवशी अंग पुन्हा आले, चौथ्या दिवशीही आले. पाचव्या दिवसापासून टिकले. ही नोंद तिने गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर वेळांसह करून ठेवली होती. पाच आठवड्यांनी कोंबडीने पुन्हा अंडे घातले. अशा प्रत्येक कोंबडीचे नशीब असे निघत नाही, हे मी त्या वर्गात तेव्हाच सांगितले होते.

दोनतीन दिवस प्रयत्न करूनही अंग राहत नसेल, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे अथवा १९६२ या क्रमांकावर विचारावे. डॉक्टर द्वाराभोवती बटव्याच्या नाडीसारखा टाका घालतात व विष्ठेपुरती वाट ठेवतात. तो टाका घरी घालू पाहू नये. डॉक्टरांनी औषध दिल्यास त्या कोंबडीची अंडी व मांस किती दिवस खाऊ नये हेही त्यांनाच विचारावे. बाहेर आलेला भाग काळा, कोरडा किंवा दुर्गंधीयुक्त झाला असेल, फाटला असेल, अथवा त्यातून आतडे दिसत असेल, तर तिला ताटकळत ठेवणे ही दया नव्हे. घरातील जाणत्या माणसाने तिचा शेवट तत्काळ व एका घावात करावा. मुलांस हे ऐकवणार नाही, परंतु डाल्याखाली चार दिवस कण्हत मरू देणे याहून वाईट आहे. असे मांस सडके असल्याने खाऊ नये; खोल पुरावे.

हे दुखणे साथीचे नाही. एकीचे अंग बाहेर आले म्हणून दुसरीस त्याची लागण होत नाही. परंतु एकाच दिवशी अनेक कोंबड्या माना टाकू लागल्या तर ती गोष्ट निराळी. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला होता, तो आपल्या देशातील कोंबड्यांत आढळलेला पहिलाच प्रसंग. तेव्हा लक्षावधी कोंबड्या माराव्या लागल्या. असे दिसल्यास मेलेल्या कोंबड्यांस हात न लावता लगेच वर्दी द्यावी. एरवीही आजारी कोंबडी हाताळल्यावर साबणाने हात धुणे हे ठरलेलेच आहे.

बऱ्या झालेल्या कोंबडीस मागचा लालपणा पूर्ण गेल्याखेरीज कळपात सोडू नये. सोडावयाचे ते संध्याकाळी, सर्व कोंबड्या दांडीवर बसल्यावर. सकाळी उठून त्या तिला जुनीच समजण्याचा संभव अधिक असतो. दुसऱ्या दिवशी तास दोन तास नजर ठेवावी. तिची अंडी खाण्यास हरकत नाही, पण पिल्लांसाठी ती उबवण्यास ठेवू नयेत, असा जाणत्यांचा सल्ला आहे आणि मला तो मान्य आहे.

पुढे हे दुखणे येऊच नये म्हणून काय करावे? तलंगांस अंड्यावर आणण्याची घाई करू नये. आपल्याकडे सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा. निसर्गाची वाढघट इतकीच आणि तीही सहा महिन्यांत सावकाश होते. पण खुराड्यात रात्री दहापर्यंत विजेचा दिवा जळत ठेवला तर एका दिवसात चार तासांनी दिवस वाढतो, आणि कोवळ्या तलंगेस वाटते की अंडी घालण्याचा हंगाम आला. तिच्या खुराड्यात दिवा लावू नये. अंड्यावर आलेल्या कोंबडीस एका अंड्याच्या कवचासाठी सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. ते मक्यातून किंवा उरलेल्या भातातून मिळत नाही. शिंपल्यांचा चुरा अथवा अंड्यांची टरफले भाजून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवावी. ज्या कोंबडीस हवे ती खाते, तलंग फारशी शिवत नाही. म्हणून ती खाद्यात मिसळू नयेत, कारण लहान वयात फार चुना पोटात गेल्यास मूत्रपिंडे बिघडतात. मका आणि शिळा भात यांवरच पोसलेल्या, डुलत चालणाऱ्या लठ्ठ कोंबडीचे घरात कौतुक होते; तिला उकिरड्यावर उकरावयास सोडावे आणि मक्याची मूठ निम्मी करावी.